मालवाहू पिक-अपचे जुने व नवे एंजिन

जुनी पिक-अप गाडी मोडीत काढून नवी घ्यावी किंवा कसे, असा प्रश्न आपल्या मंडळाच्या सभासदांकडून गेल्या वर्ष-दीड वर्षात आम्हांस अनेकवार विचारण्यात आला. विचारणारांपैकी बहुतेकांच्या हातात विक्रेत्याने दिलेले रंगीत पत्रक असते व त्यावर अश्वशक्तीचा आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो. जुन्या गाडीची शक्ती ६० च्या आसपास, नवीची १००. तेव्हा नवी गाडी दीडपटीहून अधिक काम करील, असा सरळ त्रैराशिकाचा हिशेब ते मांडतात. हा हिशेब चुकीचा आहे, व तो कोठे चुकतो हे दाखविण्यासाठीच प्रस्तुत लेख लिहिला आहे. आम्ही यंत्रशास्त्राचे पदवीधर नव्हे. आयुष्य महसूल खात्यात कारकुनी करण्यात गेले. परंतु कोणताही आकडा कशावर उभा आहे हे पाहिल्यावाचून त्याखाली सही करू नये, ही सवय त्या नोकरीने लावली.

आम्ही थेरगावचे राहणारे. आमच्या गावाच्या चोहो बाजूंस मोटारींचेच कारखाने. १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीचा कारखाना आकुर्डीस आहे (२००५ पासून तिचे नाव फोर्स मोटर्स). टेम्पो हे मूळचे एका जर्मन बनावटीचे नाव. परंतु आपल्याकडे ते इतके रुळले की कोणत्याही कंपनीची लहान मालगाडी असो, खेड्यातील मनुष्य तिला टेम्पोच म्हणतो. पिंपरीस टाटांचा कारखाना १९६६ साली आला. १९८६ साली त्यांची ४०७ ही गाडी निघाली व १९८८ साली टाटामोबाईल ही पिक-अप निघाली. आमच्या भागातील शेतकऱ्याच्या दारात बैलगाडीच्या जागी जी गाडी आली ती फार करून यांपैकीच एक. थेरगावात आता शेते उरली नाहीत. आमच्या घरच्या जमिनीचे पैसे आले ते पुरंदर तालुक्यात सीताफळ व अंजिराच्या बागेत घातले. सबब दिवे घाट चढणे व उतरणे हे आमच्या घरच्या गाड्यांचे नित्याचे काम होऊन बसले आहे. पुढील सर्व विवेचन त्या घाटाच्या अनुभवावर बेतलेले आहे.

प्रथम अश्वशक्ति म्हणजे काय ते पाहू. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उंच उचलावयास जेवढी शक्ती लागते तीस एक अश्वशक्ति म्हणतात. विहिरीवर मोट चालविलेल्या वाचकांस ही कल्पना सहज पटेल. आता असे समजा की गाडीचे व मालाचे मिळून वजन ३,००० किलो आहे, रस्ता दर २० मीटर चालीस एक मीटर चढतो, व आपणांस ताशी ३६ किलोमीटर वेगाने जावयाचे आहे. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदास १० मीटर. तेवढ्यात गाडी अर्धा मीटर उंच चढते. ३,००० किलोंचे अर्धे १,५००. त्यास ७५ ने भागता २० अश्वशक्ति येतात. टायर रस्त्यावर घासल्यामुळे जे बळ खर्ची पडते त्यापोटी आणखी सहा धरा. एकूण २६. चढ याच्या दुप्पट, म्हणजे दहास एक झाला, तर ४० आणि ६ मिळून ४६. व गिअर आणि डिफरन्शिअल यांत जे वाया जाते ते धरून ५० च्या पुढे.

यावरून असे दिसेल की कागदावर ६३ अश्वशक्तीचे जुने एंजिनही हा घाट भरल्या गाडीनिशी चढून जावयास पुरेसे आहे. आणि ते चढतेही. इतकी वर्षे चढतच होते. मग नव्याची मातबरी ती काय?

मातबरी आहे ती दुसऱ्याच आकड्यात. पत्रकावर अश्वशक्तीच्या खाली बारीक टाइपात ‘टॉर्क’ म्हणून एक आकडा असतो, त्याकडे कोणी पाहत नाही. आपण त्यास पीळ म्हणू. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकास १२ किलोचे वजन टांगले असता नटास जेवढा पीळ बसतो, तेवढाच पीळ पहिल्या टाटामोबाईलचे १,९४८ सी. सी. चे डिझेल एंजिन आपल्या दांड्यास देऊ शकत असे. तोही मिनिटास सुमारे २,५०० फेरे झाल्यावर. पिळास फेऱ्यांनी गुणून ७१६ ने भागले म्हणजे त्या फेऱ्यांवरील अश्वशक्ति निघते. वाचकांनी कागद घेऊन हे गणित स्वतः करून पाहावे. २,५०० फेऱ्यांवर ४२. १,५०० फेऱ्यांवर फार तर २५. छापील ६३ अश्वशक्ति मिळवावयाच्या तर एंजिन साडेचार हजार फेऱ्यांपर्यंत ओरडवत न्यावे लागे. तितका वेळ ते ओरडत ठेवण्याची छाती कोणा शहाण्या ड्रायव्हरास होत नसे, व होऊ नये.

आता टाटांचीच अलीकडील योद्धा ही पिक-अप घ्या. भारत स्टेज-६ च्या २.२ लिटर एंजिनाची शक्ती ३,७५० फेऱ्यांवर १०० आहे. परंतु खरी पाहण्याजोगी गोष्ट ही की त्याचा २५० न्यूटन-मीटर, म्हणजे आपल्या मापाने साडेपंचवीस किलो-मीटर, पीळ १,००० फेऱ्यांपासून २,५०० फेऱ्यांपर्यंत सारखा मिळतो. वरील रीतीने १,५०० फेऱ्यांवरची अश्वशक्ति काढा. ५३ येते. जुन्याची २५, नव्याची ५३, आणि तीही एंजिन शांतपणे गुरगुरत असता! छापील आकड्यांत फरक दीडपटीचा दिसतो, परंतु घाटात ज्या फेऱ्यांवर आपण गाडी प्रत्यक्ष चालवितो तेथे तो दुपटीहून अधिक आहे. याच्या उलट उदाहरणही याच गाडीत सापडते. तिच्या आधीच्या स्टेज-४ च्या तीन लिटर एंजिनाची शक्ती ८५ होती व पीळ १,००० ते २,००० फेऱ्यांवर हाच २५० न्यूटन-मीटर होता. म्हणजे ८५ ची देऊन १०० ची घेणाऱ्यास सपाट महामार्गावर वेग अधिक मिळेल, परंतु भरल्या गाडीनिशी चढ सुरू करताना त्यास कवडीचाही फायदा नाही. महिंद्रांच्या बोलेरो पिक-अपचेही असेच. २,५२३ सी. सी. चे एंजिन ६३ अश्वशक्तीवरून ७५ च्या घरात गेले. पीळ मात्र १९५ न्यूटन-मीटरवरून २०० वर आला, एवढेच.

लहान एंजिनात एवढे बळ आले कोठून, असे कोणी विचारील. ते हवेतून आले. एक लिटर डिझेल पुरते जळावयास सुमारे १० घनमीटर हवा लागते. म्हणजे एका लहानशा खोलीत मावेल एवढी. जुने एंजिन ही हवा केवळ आपल्या पिस्टनांच्या ओढीने आत घेई. त्याच्या छातीत मावेल तेवढीच हवा, आणि तेवढ्या हवेत जळेल तेवढेच डिझेल. घाटात ड्रायव्हर पाय दाबी तेव्हा डिझेल अधिक जाई, हवा मात्र तेवढीच राही. न जळलेले डिझेल काजळी होऊन मागून काळ्या लोटाच्या रूपाने बाहेर पडे. तो काळा धूर म्हणजे आपल्या खिशातील पैसाच होता. नव्या एंजिनात बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरविले जाते व त्याच्या जोडचक्राने हवा दाबून आत भरली जाते. यास टर्बो म्हणतात. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंप तापतो तशी ही दाबलेली हवाही तापते व तापली की फुगते. म्हणून ती आत सोडण्यापूर्वी एका जाळीतून नेऊन थंड करतात. ती जाळी म्हणजे इंटरकूलर.

दुसरा फरक डिझेल फवारण्याच्या रीतीत. टाटामोबाईलच्या एंजिनात डिझेल प्रथम एका लहान कोठडीत फवारले जाऊन तेथून पेटत मुख्य नळकांड्यात येई. यात उष्णता वाया जाते. पुढे डिझेल थेट पिस्टनाच्या डोक्यावर फवारण्याची रीत पिक-अप गाड्यांत आली व तेलाची बचत झाली, परंतु एंजिनाचा खडखडाट वाढला. सांप्रतच्या ‘कॉमन रेल’ पद्धतीत एका जाड नळीत डिझेल सदैव प्रचंड दाबाखाली साठविलेले असते. जुन्या नोझलास दर चौरस सेंटिमीटरास दीडशे-दोनशे किलोंचा दाब पुरे होई. येथे तो हजाराच्या पुढे, पुष्कळ एंजिनांत दीड हजारांच्याही वर जातो. फवारा धुक्यासारखा बारीक होतो, व केव्हा आणि किती फवारावे हे विजेवर चालणारी पेटी ठरविते. औषध फवारणीच्या पंपाचे नोझल बारीक करून दाब वाढविला म्हणजे तेवढ्याच औषधात अधिक पाने भिजतात, हे आपण बागेत पाहतोच. नोझल जितके बारीक तितके ते लवकर तुंबते, हेही आपण पाहतो.

आमच्या घरी दोन गाड्या आहेत. एक २००६ सालची, टर्बोवाचूनची; दुसरी २०२१ सालची. त्या कोणाच्या बनावटीच्या हे सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. मागील ज्येष्ठात डीएपी खताच्या गोण्या बागेवर न्यावयाच्या होत्या. गोणी ५० किलोची, तेव्हा वजनकाट्याचे काम नव्हते. प्रत्येक गाडीत २४ गोण्या, म्हणजे १,२०० किलो, घालून वडकीपासून दोन्ही एकामागून एक दिवे घाटात घातल्या. जुनीवर आमचा जुना ड्रायव्हर, नवीवर पुतण्या, व आम्ही आळीपाळीने दोन्हीत बसलो. जुनी गाडी घाटाचा मोठा भाग दुसऱ्या गिअरात चढली. मधल्या सरळ तुकड्यावर तिसरा टाकला की वळणाआधी तो पुन्हा काढावा लागे. माथ्यावर पोहोचेतो उष्णतेचा काटा तांबड्या रेघेच्या जवळ गेला होता. नवी गाडी तिसऱ्यात चढली व सरळ तुकड्यांवर चौथाही तिने घेतला. वर पोहोचल्यावर पुतण्याने लगेच किल्ली फिरविली, तेव्हा जुन्या ड्रायव्हराने त्यास दटावले, व ते बरोबरच होते. भार ओढून आल्यावर टर्बोचे चक्र तापलेले असते. एंजिन मिनिटभर मंद चालू ठेवल्याने तेल फिरत राहून त्याचे बेअरिंग वाचते.

दोन्ही टाक्या निघताना काठोकाठ भरल्या होत्या व परत आल्यावर त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरून पाहिल्या. नवीला डिझेल कमी लागले खरे, पण आम्ही मनाशी जेवढी बचत धरली होती तेवढी नव्हे. सपाट रस्त्यावर पुतण्याने वेग वाढविला होता. नव्या एंजिनाने वाचविलेले तेल त्याच्या पायाने खाल्ले. उतारावर तर जुनीच आम्हांस अधिक विश्वासाची वाटली. मोठे व भारी कॉम्प्रेशनचे एंजिन खालच्या गिअरात गाडीस चांगले धरून ठेवते. नव्या लहान एंजिनाची पकड त्यामानाने सैल, सबब फळांनी भरलेली गाडी घाट उतरताना चढताना वापरला त्याहून एक गिअर खालीच ठेवावा. ब्रेकवर विसंबू नये.

येथवर वाचून कोणी म्हणेल की हा लेख नव्या गाडीच्या बाजूचा आहे. आता दुसरी बाजू सांगतो, व ती आम्ही दाम मोजून शिकलो आहोत.

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ चा नियम लागू झाला. त्यासाठी आधी डिझेल सुधारावे लागले. २०१० साली देशभर जे डिझेल मिळे त्यात दर दहा लाख भागांत गंधक ३५० भागांपर्यंत चाले. त्याच वर्षी पुणे, सोलापूर धरून तेरा शहरांत ते ५० वर आले, २०१७ च्या एप्रिलपासून सर्वत्र ५०, व आता १० आहे. हे शुद्ध डिझेल आल्याखेरीज सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडविणारी गाळणी बसविता येत नव्हती, कारण गंधकाने तेथील रसायन निकामी होते. ही गाळणी काजळी धरून ठेवते व ती पुरेशी साठली म्हणजे आतल्या आत सुमारे ६०० अंश उष्णतेवर जाळून टाकते. परंतु एवढी उष्णता यावयास गाडी काही वेळ सलग व भाराखाली चालली पाहिजे.

आमच्या पुतण्याने नवी गाडी घरच्या कामास लावली. बागेतून घर, घरातून बाग, दोन किलोमीटरांची खेप, दिवसातून चार-पाच वेळा. एंजिन तापते न तापते तोच बंद. काही आठवड्यांनी समोर एक पिवळा दिवा लागू लागला. कसला दिवा म्हणून विचारता तो म्हणाला, लागतो आणि जातो. पुढे तो जाईनासा झाला, व एके दिवशी भरल्या गाडीनिशी घाटाच्या मध्यावर एंजिनाने अंग टाकले. पेटीने आपण होऊन शक्ती तोडली होती. मागे गाड्यांची रांग लागली, पुढे पाऊस. गाडी कशीबशी बाजूस घेऊन माल दुसऱ्या वाहनात भरावा लागला, व दुरुस्तीच्या जागी गाळणी साफ करण्यापोटी जे बिल हाती पडले त्यात जुन्या गाडीची वर्षाची देखभाल झाली असती. ज्याने आम्हांस गाडी विकली त्याने शंभर घोड्यांचे वर्णन तासभर केले होते. या गाळणीविषयी एक शब्दही काढला नव्हता. आमचाही दोष आहे. पुस्तिकेत सर्व लिहिलेले होते व ती आम्ही प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही काढली नव्हती. आणि आम्ही तर कागद वाचण्याचा पगार घेत आलेले.

सबब, असा दिवा लागताच पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गाडी मोठ्या रस्त्यावर नेऊन पंधरा-वीस मिनिटे एकसारख्या वेगाने चालवावी व मध्येच बंद करू नये. त्या वेळी सायलेन्सरचा भाग अतिशय तापलेला असतो, म्हणून लगेच कडब्याच्या गंजीजवळ किंवा वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नये. एंजिन तेलाची कांडी आठवड्यास पाहावी. तेल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले तर गाळणी जाळण्याच्या अर्धवट प्रयत्नांत डिझेल तेलात उतरले आहे असे समजून ते बदलावे. काही कारागीर गाळणीच काढून नुसती नळी बसवून देतो म्हणतात. तो कायद्याने गुन्हा आहे. योग्यता-तपासणीत ते पकडले जाते ते निराळेच.

डिझेल साठविण्याविषयी. आपल्यापैकी पुष्कळांच्या गोठ्यात ट्रॅक्टरसाठी किंवा पाण्याच्या एंजिनासाठी डिझेलचा कॅन असतो. त्याच्या तळाशी पाणी व गाळ जमतो. जुन्या एंजिनाने तो सोसला. फार तर नोझल काढून धुतले की काम भागे. हजार-दीड हजार किलोंच्या दाबाखाली तोच गाळ इंजेक्टरास पॉलिश कागदाप्रमाणे घासतो, आणि तो इंजेक्टर गावच्या कारागिरास धुऊन नीट करता येत नाही. नव्या गाडीत पंपावरचेच डिझेल घालावे व फिल्टरखालचे पाणी वेळच्या वेळी सोडावे.

युरियाची गोष्ट तर आम्ही मुद्दाम सांगतो, कारण ती शेतकऱ्यास चटकन फसविणारी आहे. स्टेज-६ च्या काही गाड्यांत (सर्वांत नव्हे) निळ्या झाकणाच्या निराळ्या टाकीत डीईएफ नावाचे द्रव घालावे लागते. त्यात साडेबत्तीस टक्के युरिया व बाकी शुद्ध पाणी असते. हे कळताच एका सभासदाने आम्हांस विचारले की मग बाजारातून ते विकत कशास आणावे, घरात पोते आहेच. असे कदापि करू नये. शेताचा युरिया २०१५ पासून निंबोळी तेलाचा लेप देऊनच विकला जातो. त्या तेलाने व विहिरीच्या पाण्यातील क्षारांनी ती सर्व यंत्रणा बसते. शिवाय अनुदानाचा युरिया शेतीखेरीज अन्यत्र वापरणे हाही गुन्हा आहे.

आता मूळ प्रश्न. ज्याचा माल आठवड्यातून दोन-तीन वेळा घाट ओलांडून किंवा लांबच्या बाजारास जातो त्याने नवी गाडी घ्यावी; घेताना अश्वशक्ति न पाहता पीळ किती व तो किती फेऱ्यांपासून मिळतो हे विचारावे. ज्याची गाडी शेत, गोठा व गावची दूध डेअरी एवढ्यातच फिरते त्याने जुनी गाडी ठीक चालत असेल तर घाईने विकू नये. तिच्या कामाची जात नव्या डिझेल एंजिनास मानवणारी नाही. दोहोंच्या मधल्याने निदान आठवड्यास एकदा तरी नवी गाडी लांब पल्ल्यावर नेण्याची सोय आधी पाहावी. स्टेज-४ ची वापरलेली गाडी हा तिसरा मार्ग पुष्कळांस सोयीचा पडेल. त्यात टर्बोचा पीळ मिळतो व पुष्कळ गाड्यांत ही गाळणी नसते. मात्र विकत घेण्यापूर्वी ती थंड असता सुरू करून पाहावी, तेलाची कांडी पाहावी आणि भार घालून एखादा चढ चढवून पाहावा. रिकाम्या गाडीने सपाट रस्त्यावर मारलेल्या फेरीवरून काहीही समजत नाही.

मालवाहू गाडीस पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी योग्यता-प्रमाणपत्र घ्यावे लागते, हे जुनी ठेवणाऱ्याने हिशेबात धरले पाहिजे. आमची २००६ ची गाडी सध्या शेणखत व कडबा वाहते आणि नवी मार्केट यार्डास जाते. जुनीच्या प्रमाणपत्राची मुदत मार्गशीर्षात संपते. तिची पुढची पाटे बदलून, नोझले तपासून व धुराची चाचणी आधीच करून घेऊन ती तपासणीस न्यावयाची असे ठरले आहे. पास झाली तर बागेवरच ठेवू, न झाली तर मोडीत काढून पुतण्या म्हणतो तशी बागेच्या खेपांपुरती एखादी लहान पेट्रोलची गाडी पाहू.